दोर आहे, गाठ नाही : एका प्रौढ प्रेमकादंबरीच्या दुरुस्तीचं प्रकरण

हे प्रकरण एका मराठी कादंबरीच्या हस्तलिखिताचं आहे. लेखिका कोण, गाव कोणतं, प्रकाशन कोणतं हे कळू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत. लेखिकेने हा मजकूर आधी वाचला, दोन ठिकाणी माझी चूक दाखवली, आणि मग "टाका" म्हणाली.

पार्श्वभूमी

मी यवतमाळ जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी राहते. एक डिजिटल प्रकाशन मला हस्तलिखितं पाठवतं. ती वाचून अहवाल द्यायचा, आणि स्वीकारायचं ठरलं तर लेखकाबरोबर बसून दुरुस्ती करायची, हे माझं काम. येतात त्यात बहुतेक प्रेमकथाच असतात.

हे हस्तलिखित 27 प्रकरणांचं, सुमारे 92 हजार शब्दांचं होतं. वर 'फक्त प्रौढांसाठी' असा शेरा. लेखिका माझ्या गावापासून एसटीने दीड तासावर राहणारी निघाली. वय 44, घरी नऊ एकर रान, कापूस आणि तूर. ती लिहिते हे नवऱ्याला माहीत होतं, काय लिहिते ते माहीत नव्हतं. टोपणनाव तिने आधीच घेतलेलं होतं.

गोष्ट थोडक्यात अशी. नायिका 33 वर्षांची, बँकेच्या ग्रामीण शाखेत अधिकारी. नायक 38 वर्षांचा, त्याच गावातल्या जिनचा, म्हणजे कापसातून सरकी काढून रुई वेगळी करणाऱ्या कारखान्याचा, मालक. बँकेने जिनला कॅश क्रेडिट, म्हणजे साठ्याच्या तारणावरचं कर्ज, दिलंय, आणि गोदामातला साठा मोजायला नायिका महिन्याकाठी जिनवर जाते. तिथे ओळख होते. चौथ्या प्रकरणात दोघं जवळ येतात. पाचव्यात तो तिला आपली आवड सांगतो. बीडीएसएम म्हणजे बांधणं, शिस्त लावणं, एकाने हुकूम द्यायचा आणि दुसऱ्याने तो मानायचा, वेदनेतून सुख घेणं, आणि हे सगळं दोन प्रौढांनी आधी ठरवून, संमतीने करायचं. नायिका तयार होते. पुढे 16 प्रकरणं, मग आग, मग लग्न.

वाचायला बसले तेव्हा पहिल्या पन्नास पानांनी मला धरून ठेवलं. रुईच्या गंजीजवळचा उष्ण, कोंदट वास, अंगाला चिकटणारे तंतू, रेच्यांच्या, म्हणजे सरकी काढणाऱ्या यंत्रांच्या, आवाजात एकमेकांच्या कानाशी वाकून बोलावं लागणं, हे सगळं तिने असं लिहिलं होतं की शृंगार तिथूनच सुरू झाला होता. बाईला लिहिता येतं, याबद्दल मला शंका उरली नाही. म्हणून पुढची दोनशे पानं वाचताना जास्त त्रास झाला.

अडचण कुठे होती

कादंबरीत शृंगाराचे एकूण 11 प्रसंग होते. मी एक साधी चाचणी केली. एकेक प्रसंग काढून टाकायचा आणि पुढच्या प्रकरणात काही बिघडतं का ते बघायचं. 11 पैकी 9 प्रसंग काढले तरी पुढचं एक वाक्यही बदलावं लागलं नाही. रात्री ती बांधली गेली होती, सकाळी तिने चहा केला, स्कूटी काढली, शाखा उघडली. रात्रीचा सकाळशी संबंधच नव्हता. दोन वेगळ्या कादंबऱ्या एकमेकींत दुमडल्यासारखं वाटत होतं.

पाचव्या प्रकरणात एक लेखी करार आहे. चार पानं भरून. काय चालेल, काय चालणार नाही, थांबायचा शब्द कोणता. थांबायचा शब्द 'लाल'. चार पानं वाचून वाचकाच्या मनात साहजिकच येतं की यातलं एखादं कलम पुढे मोडणार, हा शब्द कधीतरी कोणाच्या तोंडी येणार. तो शब्द पुढे एकदाही येत नाही. कराराचा कागद नायिकेच्या कपाटात जातो आणि कादंबरी त्याला विसरते.

मग काळाचा घोळ. बाराव्या ते पंधराव्या प्रकरणात नायक तीन आठवडे फोन करत नाही. कारण दिलंय, 'जिनवर हंगामाची धांदल'. महिना श्रावण. आमच्या भागात सीतादही (वेचणीआधीची शेतातली पूजा) होऊन पहिला वेचा निघतो तो दसरा-दिवाळीच्या सुमारास, जिन चालते ती तिथून उन्हाळा लागेपर्यंत. श्रावणात कपाशी पात्या-फुलांवर असते आणि जिन बंद. यंत्रांची डागडुजी चालते आणि मालक पारावर बसलेला दिसतो. म्हणजे ज्या विरहावर चार प्रकरणं उभी होती, त्याला कारणच नव्हतं. कापूस पिकवणाऱ्या बाईच्या हातून ही चूक झाली याचं मला फार नवल वाटलं, आणि त्याचं उत्तर पुढे मिळालं.

बाविसाव्या प्रकरणात जिनला आग लागते. जिनला आग लागणं आमच्याकडे नवं नाही. एखादा दगड किंवा लोखंडाचा तुकडा कापसासोबत यंत्रात गेला की ठिणगी पुरे. पण या आगीची आधी कुठेही चाहूल नाही, आणि नंतर तिचा हिशोबही नाही. साठा बँकेकडे तारण आहे. विमा होता का, बँकेचा दावा किती, साठ्याचे आकडे कोणी तपासले, यातलं काही नाही. आग लागते, नायक भाजतो, नायिका दवाखान्यात त्याचा हात धरते, मनातलं सगळं किल्मिष जातं. आग फक्त दोघांना एका खोलीत आणण्यासाठी लावली होती.

आणि सतरावं प्रकरण. ते मी तीनदा वाचलं. नायक नायिकेला नायलॉनच्या दोरीने दंडापासून मनगटापर्यंत बांधतो, दोरी खोलीच्या आड्याला अडकवतो. ती "नको" म्हणते. तो थांबत नाही. मग ट्रकवाल्याचा फोन येतो, तो बाहेर जातो, चाळीस मिनिटांनी परततो. ती रडते आहे, आणि लेखिका लिहिते की ते सुखाचे अश्रू होते.

या प्रकाराच्या जाणकारांमध्ये 1980च्या दशकापासून अमेरिकेत एक सूत्र रूढ आहे: सुरक्षित, समंजस, संमतीने. पुढे 1990च्या दशकाच्या अखेरीस काहींनी 'जोखीम जाणून, संमतीने' अशी त्यात भर घातली. सूत्र कोणतंही घ्या, बांधलेल्या माणसाला एकटं सोडून जायचं नाही हा मूलभूत नियम आहे. दंडाच्या मागून एक मज्जातंतू हाडाला अगदी लगटून खाली उतरतो. तिथे दोरीचा दाब राहिला की मनगट वर उचलता येत नाही, हात लुळा लोंबतो. बहुतेकदा ते काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत भरून येतं. इथे नायिका चाळीस मिनिटं लटकली आणि दुसऱ्या दिवशी कर्जाच्या फायलींवर सह्या करत होती.

सतराव्या प्रकरणात नीती चुकली की कथानक चुकलं, असा प्रश्न प्रकाशनाने मला विचारला. मी लिहिलं की दोन्ही एकाच जागी चुकलं आहे. थांबायचा शब्द ठरलाय. ती "नको" म्हणाली, "लाल" म्हणाली नाही. का? विसरली? घाबरली? मुद्दाम नाही म्हणाली, कारण तिला थांबायचं नव्हतं? की तो शब्द लेखिकाच विसरली? वाचकाला ठरवता येत नाही, कारण पाचव्या प्रकरणातला करार कोणाच्याच डोक्यात राहिलेला नाही. संमतीची गोष्ट सांगायची आणि संमतीचा धागा सोडून द्यायचा, मग प्रसंग कितीही रंगवला तरी त्यातून फक्त एका बाईला झालेला त्रास उरतो.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय नकाराचा. अहवालात चार ओळी आणि विषय बंद. मी तो लिहूनही ठेवला होता. पाठवला नाही, कारण पहिली पन्नास पानं.

दुसरा प्रकाशनाकडून आला. भाषा तपासा, सतरावं प्रकरण सौम्य करा, बाकी तसंच जाऊ द्या. भाग पाडून मालिका करू, प्रत्येक भागात एक प्रसंग असला की वाचक टिकतो. व्यवहार म्हणून यात चूक नव्हती. पण प्रसंग आणि कथा वेगळे आहेत हीच तर या हस्तलिखिताची दुखरी जागा, आणि मालिकेने ती कायमची झाली असती.

तिसरा लेखिकेने स्वतः सुचवला. "ताई, दोरखंडाचं सगळं काढून टाकतो. साधी प्रेमकथा करू." आमच्याकडे बायाही 'करतो, जातो' म्हणतात, तसंच ती बोलते. तिच्या आवाजात थकवा होता आणि थोडी भीतीही. कायद्याची भीती मुख्य. अश्लील मजकुराबद्दलचं भारतीय न्याय संहितेचं 294 कलम (जुन्या दंडसंहितेतलं 292), ऑनलाइन मजकुरासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 67, हे सगळं तिने मोबाइलवर वाचून काढलं होतं. मी तिला मराठीतलीच उदाहरणं सांगितली. र. धों. कर्व्यांवर 'समाजस्वास्थ्य' या लैंगिक आरोग्यावरच्या मासिकासाठी खटले झाले आणि 1934 साली त्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले. चंद्रकांत काकोडकरांच्या 1962च्या दिवाळी अंकातल्या कथेवर खटला चालला, उच्च न्यायालयाने दोषी धरलं, 1969 साली सर्वोच्च न्यायालयाने सोडलं. न्यायालय एखादं वाक्य किंवा उतारा सुटा काढून बघत नाही, सगळी कृती बघतं. 2014च्या एका निकालात तर काळाप्रमाणे बदलणाऱ्या समाजाच्या धारणेचा निकष लावला. मी वकील नाही, आणि तसं तिला सांगितलंही. पण कथेत ज्या प्रसंगाला काही काम नाही तो साहित्य म्हणून कच्चा असतोच, आणि त्याचा बचाव करणंही तितकंच अवघड होतं. भीतीवर आणि कथानकावर उतारा एकच होता.

चौथा पर्याय म्हणजे कादंबरी पुन्हा बांधायची. करार मध्यभागी ठेवायचा, आणि जे काही घडेल ते त्या करारातून किंवा त्याच्या मोडण्यातून घडू द्यायचं. याला निदान चार महिने लागणार होते. लेखिकेला त्यासाठी एक रुपयाही आगाऊ मिळणार नव्हता.

मी चौथा सुचवला. तिने आठ दिवस मागितले. नवव्या दिवशी फोन आला, "या घरी. पण तुरीच्या सोंगणीआधी या."

काय केलं

गेले त्या दिवशी आम्ही आधी कॅलेंडर मांडलं. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर प्रकरणं लिहिली आणि ओसरीवर महिन्यांप्रमाणे ओळीने ठेवली. श्रावणाची पत्रिका हातात घेऊन मी विचारलं, "ताई, श्रावणात जिन चालते का?"

ती बराच वेळ पत्रिकेकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मले माहीत होतं. मले त्याचा फोन बंद पाह्यजे होता, म्हणून मी जिन चालू केली."

अख्ख्या हस्तलिखिताचा रोग मला त्या एका वाक्यात दिसला. तिला परिणाम आधी हवा होता, कारण मागून जोडलं होतं. विरह हवा म्हणून हंगाम आणला. मिलन हवं म्हणून आग लावली. तिला माहीत असलेली जमीन, माहीत असलेला पाऊसपाणी, सगळं तिने परिणामासाठी बाजूला सारलं होतं. आम्ही जिन पुन्हा बंद केली. मग प्रश्न समोर येऊन उभा राहिला: श्रावणात या माणसाला काम नाही, फोन हातात आहे, तरी तो फोन करत नाही. म्हणजे तो ठरवून करत नाही. का?

ते 'का' शोधताना आम्ही सतराव्या प्रकरणावर आलो. मी विचारलं, "ती 'लाल' का म्हणत नाही?"

"तिनं तो शब्द काढला असता तं कथा तिथंच खतम झाली असती, ताई."

मी काही बोलले नाही. दोन मिनिटांनी तीच म्हणाली, "म्हणजे कथा तिथं होती काय?"

त्या दुपारी अजून एक गोष्ट झाली, ती मी मुद्दाम सविस्तर सांगते. मी दोरीबद्दल बोलायला लागले. दाब, मज्जातंतू, गाठ. पुस्तकातून वाचलेलं सांगत होते. ती उठली, गोठ्यात गेली आणि दोन दोर घेऊन आली. एक ताडपत्रीचा निळा नायलॉन, एक बैलांचा जुना सुती कासरा, वापरून वापरून मऊ पडलेला. नायलॉन तिने स्वतःच्या मनगटाला गुंडाळला आणि मला ओढायला सांगितलं. गाठ सरकत जाऊन आवळली, आणि सोडायला गेलो तर सुटेना. विळ्याने कापावी लागली. मनगटावर लाल वळ उमटला होता, मी निघेपर्यंत तो होता. मग कासरा घेतला. दोन पदर केले, सैल फेरे दिले, शेवट अशा गाठीने बांधला की टोक ओढलं की सगळं मोकळं. दोरीखालून स्वतःची दोन बोटं सरकवून दाखवली.

"वासराच्या गळ्याले सरकफास कोणी देत नाही," ती म्हणाली. "रातच्याले त्यानं वळसा घेतला तं मरून जाईन. बांधाचं असन तं सुटाची गाठ आधी पाहा लागते."

या बाईला दोर, गाठ, बांधलेल्या जिवाची जबाबदारी माझ्याहून कितीतरी जास्त कळत होती. कादंबरीत मात्र तिने कुठूनतरी वाचलेली, आयात केलेली दोरी वापरली होती. करारही तसाच आयात. मी म्हटलं, कासरा आत आणा.

तिथून कामाला वेग आला. चार पानांचा करार गेला. त्याच्या जागी जिनच्या मागच्या ओट्यावर दोघांचं बोलणं आलं, जेमतेम दोन पानं. नायिका बँकेची. कर्जदाराकडून अटी लिहून घ्यायची तिला सवय. ती विचारते, "आणि अट मोडली तर?" नायकाकडे उत्तर नसतं. तो प्रश्न तसाच लोंबकळत राहतो आणि पुढच्या सगळ्या कादंबरीवर त्याची सावली पडते. 'लाल' हा शब्द लेखिकेने बदलला. नवा शब्द 'सरकी'. जिनवर दिवसभर शंभरदा कानावर पडणारा, पण त्या खोलीत कधीच नाही.

पहिल्या हस्तलिखितात एक गोष्ट पूर्ण वाया गेली होती, ती म्हणजे दिवसाची सत्ता कोणाकडे आहे हे. नायकाची कॅश क्रेडिटची मर्यादा नायिकेच्या साठा-तपासणीवर अवलंबून. गोदामात रुईच्या किती गाठी आहेत, एक गाठ 170 किलोची, त्यावरून दर महिन्याला किती पैसे उचलता येतील ते ठरतं. ती सही करते तेव्हा त्याचे ट्रक हलतात. म्हणजे दिवसा हुकूम तिचा, रात्री ती तो हुकूम स्वखुशीने त्याच्या हाती देते. आणि बँकेच्या अधिकाऱ्याने कर्जदाराशी असे संबंध ठेवून त्याचा साठा तपासणं हे नोकरीवर गदा आणणारं आहे. पहिल्या खर्ड्यात कोणीही या गोष्टीची धास्ती घेत नव्हतं. मी हे मांडलं तेव्हा लेखिकेने कपाळावर हात मारला. तिनेच नायिकेला बँकेत बसवलं होतं, मुलाच्या शिक्षणकर्जासाठी खेटे घालताना भेटलेल्या एका अधिकारी बाईंवरून.

जुनं सतरावं प्रकरण तिने पाचदा लिहिलं, आणि ते श्रावणातल्या अबोल्याच्या आधी आणलं. शेवटच्या रूपात नायक बांधतो, कासऱ्यानेच, पण त्या दिवशी घाईत. फेरे दंडावर चढतात. फोन वाजतो, तो "आलोच" म्हणून बाहेर जातो. हाताला मुंग्या येतात, मग मुंग्याही थांबतात. नायिका 'सरकी' म्हणते. मग पुन्हा म्हणते, मोठ्याने. खोलीत कोणी नसतं.

इथे आमचं एका मुद्द्यावर अडलं. चाळीस मिनिटं ठेवायची की कमी? मी कमी म्हणत होते, वाचक नायकाला पुढे माफ करू शकला पाहिजे म्हणून. लेखिका म्हणाली, मिनिटं लिहायचीच नाहीत. बाहेरून ट्रक मागे घेतल्याचा आवाज, काट्यावर वजन झाल्याचा आवाज, एवढंच द्यायचं. तिचं बरोबर होतं. वाचक स्वतः मोजतो.

दुसऱ्या दिवशी नायिकेचं मनगट उचलत नाही. बँकेत सही वेडीवाकडी येते, नमुन्याशी जुळत नाही, शाखेतला सहकारी विचारतो. तिला काहीतरी सांगावं लागतं. ती वरिष्ठांना पत्र लिहून त्या जिनची तपासणी दुसऱ्याकडे द्यायला सांगते, कारण 'वैयक्तिक'. नवा अधिकारी साठा मोजतो, तो आकड्यांपेक्षा कमी भरतो, मर्यादा घटते. नायकाला वाटतं, तिने सूड घेतला. म्हणून श्रावणात तो फोन करत नाही. आणि ती करत नाही, कारण त्याने अजून एकदाही विचारलेलं नाही की त्या रात्री ती काय ओरडत होती. आता दोरीपासून बँकेपर्यंत आणि बँकेपासून अबोल्यापर्यंत एकच सलग धागा होता. आगीची गरज संपली. आगीचं प्रकरण काढताना लेखिकेच्या डोळ्यांत पाणी आलं. भाषेच्या दृष्टीने ते तिचं सर्वांत सुंदर प्रकरण होतं.

परिणाम

दुसरा खर्डा 19 प्रकरणांचा, 66 हजार शब्दांचा झाला. शृंगाराचे प्रसंग 11 वरून 5 वर आले, आणि पाचही असे की एक काढला तर पुढची गोष्ट कोसळते. काम चार महिन्यांत व्हायचं ते सात महिने चाललं. मधे वेचणीला बाया मिळेनात म्हणून ती स्वतः पराटीत होती, आणि रात्रपाळीची वीज आली की ओलिताला जावं लागायचं.

प्रकाशनाने पाच जणांना वाचायला दिलं. तिघांना आवडलं. एकाला मधला भाग संथ वाटला. एका वाचक बाईंनी त्या घाईच्या बांधण्याच्या प्रकरणाशी पुस्तक बंद केलं आणि कळवलं की हे आधी सांगायला हवं होतं. त्यांचं म्हणणं मान्य करून सुरुवातीला स्पष्ट सूचना घातली. प्रकाशनाने पुस्तक स्वीकारलं, मालिका म्हणून नाही, एकसंध.

सगळं साधलं असं नाही. नायक अजून पातळ आहे. ही आवड त्याच्यात कशी आली, आधी कोणाशी असं नातं होतं का, आईबापाच्या घरात तो कसा वाढला, हे कळत नाही. शेवटची दोन प्रकरणंही घाईत आहेत. नायक माफी मागतो तो प्रसंग मला हवा होता तसा तिने लिहिला नाही. माझ्या मते त्याने आधी त्या रात्रीबद्दल विचारायला हवं, मग माफी. तिचं म्हणणं, आमच्याकडचा माणूस विचारत नाही, तो येऊन दाराशी बसतो. तिने तेच ठेवलं. प्रेमकथेच्या वाचकाला शेवटी दोघं एकत्र येणार याची खात्री लागते, ती मिळते. पण पुढच्या वेळी तो शब्द ऐकेल का, याची खात्री मला अजून वाटत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिले तीन आठवडे मी वाक्यं दुरुस्त करण्यात घालवले. ऱ्हस्व-दीर्घ, पुनरुक्ती, विशेषणं. त्यातली निम्मी पानं नंतर कचऱ्यात गेली. कॅलेंडर आणि पत्रिका पहिल्याच दिवशी मांडायला हव्या होत्या.

या प्रकारच्या नात्यात राहिलेल्या एखाद्या माणसाला खर्डा वाचायला द्यायला हवा होता. आम्ही दोघींनी वाचून, विचारून, दोर हातात घेऊन जे कळलं त्यावर भागवलं. मुंबई-पुण्यात असं कोणी भेटलं असतं. मी शोधायचा आळस केला. नायकाचा पातळपणा कदाचित तिथे भरून निघाला असता. अशा प्रसंगानंतरची जवळीक, पाणी देणं, पांघरूण घालणं, बोलत राहणं, हेही कादंबरीत अगदी कमी आहे. पहिल्या चार प्रसंगांत ते नीट असतं, तर त्या घाईच्या रात्रीतली त्याची अनुपस्थिती कितीतरी जास्त बोचली असती.

आणि सर्वांत मोठी चूक. दुसऱ्या खर्ड्याची छापील प्रत मी तालुक्याच्या कुरिअरने तिच्या खऱ्या नावाने पाठवली. वरच्या पानावर कादंबरीचं नाव आणि 'फक्त प्रौढांसाठी' ठळक अक्षरांत, पाकिटाचा कागद पातळ. ती शेतात होती, पाकीट शेजारच्या घरी दिलं गेलं आणि फाटलेलं तिच्या हाती आलं. आठवडाभर ती फोनवर बोलली नाही. गावात एका बाईचं असं लिखाण उघडं पडणं म्हणजे काय, हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी त्याच भागात राहते. त्या पाकिटाचा विचार मी केला नाही, एवढंच.

ती बोलली तेव्हा माझ्यावर रागावली नाही. नवऱ्याला तिने आदल्या रात्री सगळं सांगितलं होतं, पाकीट त्याच्या पुढ्यात ठेवून. त्याने बराच वेळ वाचलं म्हणे, कासऱ्याच्या पानापर्यंत. मग एवढंच म्हणाला, "हे गाठ तं आपली आहे."

त्यानंतर प्रती मी स्वतः एसटीने नेऊन दिल्या.